पॉलिसी काढणं एका दिवसाचं काम, चालू ठेवणं वीस वर्षांचं: गोव्यात विमा एजंट होणाऱ्यांसाठी

दर महिन्याला एकतरी फोन येतोच, ताई मला एजंट व्हायचंय, काय करू. कोण बारावी करून घरी बसलेलं असतं, कोण हॉटेलातली नोकरी सोडून आलेलं, कोण एखादी वयनी जिची मुलं आता शाळेत जायला लागली आणि दुपारचा वेळ मोकळा झाला. फोनवर सगळं सांगून होत नाही, अर्धं राहून जातं, म्हणून एकदाच बसून लिहितेय. मी डिचोलीची. आधी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करायचे, बाजारात दुकानादुकानात फिरून, आणि २०१० पासून लाईफ इन्शुरन्सचं काम करते. जे लिहितेय ते बरचसं चुका करून शिकलेलं आहे.

पहिली गोष्ट, हे नोकरीसारखं नाही. पगार नाही, कमिशन आहे. त्याचा हिशोब नीट समजल्याशिवाय उडी मारू नका. समजा तुम्ही वर्षाला २४,००० रुपये प्रीमियमची एक पॉलिसी काढली आणि कंपनी पहिल्या वर्षाला २५ टक्के देते, तर तुम्हाला मिळाले ६,०००. दुसऱ्या वर्षापासून समजा ५ टक्के, म्हणजे १,२००. हे आकडे फक्त उदाहरणाला घेतलेत, एप्रिल २०२३ पासून कमिशन किती द्यायचं ते प्रत्येक कंपनीचं बोर्ड ठरवतं, त्यामुळे कंपनीप्रमाणे आणि प्लॅनप्रमाणे ते वेगळं असतं, जॉईन व्हायच्या आधी छापील तक्ता मागून घ्या. आता नवीन माणूस काय करतो, त्याचा डोळा त्या ६,००० वर असतो. पण अशा शंभर पॉलिसी जर चालू राहिल्या तर नवीन एकही न काढता वर्षाला एक लाख वीस हजार घरी येतात, दरवर्षी, आणि त्या बंद पडल्या तर शून्य. या धंद्यातली कमाई खरी तिथे आहे. म्हणून माझं म्हणणं सुरवातीपासून एकच, पॉलिसी अशी काढा की ती माणसाला झेपेल आणि चालू राहील. खाली जे काही सांगतेय ते सगळं याच्याशीच येऊन मिळतं.

घरात सहा महिने तरी दुसऱ्या कुणाचा पगार किंवा थोडी बचत असू दे. ज्याला पुढच्या महिन्याचं भाडं कमिशनमधून भरायचंय तो माणूस घाईत चुकीची पॉलिसी गळ्यात मारतो, इच्छा नसली तरी मारतो, मी बघितलंय.

कागदपत्रं आणि कंपनी

शिक्षण दहावी पास लागतं आणि वय १८ पूर्ण. पॅन, आधार, दहावीचं मार्कशीट, फोटो, बँकेचा कॅन्सल केलेला चेक किंवा पासबुकची कॉपी, एवढं फाईलमधे तयार ठेवा. गोव्यात एक भानगड नेहमी होते ती म्हणजे नावाची. मार्कशीटवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जन्मदाखल्यावर तिसरंच, कारण आपल्याकडे कित्येक घरांत अजून आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या दाखल्यावरून आलेलं स्पेलिंग चालतं, नाईक आडनावाच्या शेवटी कुणाच्या नुसता के असतो तर कुणाच्या क्यू-यू-ई. लग्न झालेल्या बायकांचं तर माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर. आधी स्वतःचं सरळ करून घ्या. आणि हे लक्षात ठेवा कारण उद्या तुमच्या क्लायंटचंही हेच होणार आहे आणि तेव्हा क्लेमच्या वेळी ते अडणार आहे.

कंपनी निवडताना एक नियम माहीत असू दे, एजंट म्हणून तुम्ही एकाच जीवन विमा कंपनीचं काम करू शकता. सोबत एक जनरल इन्शुरन्स आणि एक हेल्थ इन्शुरन्स कंपनी घेता येते, पण लाईफची एकच. म्हणून विचार करून घ्या. एलआयसीत तुम्ही सहसा एका विकास अधिकाऱ्याच्या हाताखाली जाता, प्रायव्हेटमधे सेल्स मॅनेजर असतो. माझा अनुभव असा की कंपनीच्या नावाइतकाच हा माणूस महत्वाचा. तो तुमच्याबरोबर पहिल्या चार-पाच घरी यायला तयार आहे का, त्याच्या हाताखालचे जुने एजंट किती वर्षं टिकलेत, क्लेम आला तर तो फोन उचलतो का, हे त्याच्याच दोन एजंटांना चहावर भेटून विचारा. नावाचं म्हणाल तर एलआयसी १ सप्टेंबर १९५६ पासून आहे, गावागावात म्हाताऱ्या माणसांनासुद्धा 'योगक्षेमं वहाम्यहम्' वाली दोन हातांत धरलेली पणती माहीत आहे, तिथे दरवाजा पटकन उघडतो. प्रायव्हेट कंपन्यांचे टर्म प्लॅन (माणूस गेला तरच पैसे मिळतात असा विमा) आणि ऑनलाईन सिस्टीम पुष्कळांना आवडतात, पर्वरी-पणजीच्या नोकरदार पोरांना विशेष. दोन्हीकडे चांगलं काम करणारी माणसं मला माहीत आहेत.

आणि कुणी जॉईन करायला हजारो रुपये डिपॉझिट मागितलं, किंवा आधी स्वतःच्या नावावर मोठी पॉलिसी काढ मग एजन्सी कोड देतो म्हणालं, तर तिथून उठा.

बायकांसाठी एक सांगते, एलआयसीची बीमा सखी योजना डिसेंबर २०२४ मधे सुरू झाली, दहावी पास आणि वय १८ ते ७० मधल्या बायकांना. त्यात पहिल्या वर्षी महिन्याला ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० असं मानधन मिळतं, कमिशन वेगळं. पण ते आपोआप मिळत नाही, वर्षाला ठराविक पॉलिसी आणायच्या असतात आणि आधीच्या वर्षीच्या पॉलिसी चालू राहिलेल्या असाव्या लागतात. अटींचा कागद ब्रँचमधून घेऊन घरी सावकाश वाचा, तिथल्या तिथे सही करू नका.

परीक्षा

याला लोक उगाच घाबरतात. आयसी-३८ म्हणतात त्या अभ्यासक्रमाला, पुस्तक मराठीतही मिळतं. आधी कंपनी तुमचं ट्रेनिंग घेते, मग कॉम्प्युटरवर परीक्षा, ५० प्रश्न, एक तास, पास व्हायला ३५ टक्के म्हणजे ५० पैकी १८. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न रिकामा सोडू नका. आठ-दहा दिवस रोज दोन तास बसलात तर होतं. पण नुसतं पास व्हायला वाचू नका, यातल्या काही गोष्टी रोज लागतात. ग्रेस पिरियड, म्हणजे हप्त्याची तारीख उलटल्यावर मिळणारी मुदत, किती (महिन्याच्या हप्त्याला १५ दिवस, बाकीच्यांना ३०), फ्री लूक म्हणजे काय (पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत नको वाटली तर परत करता येते), नॉमिनेशन (माणूस गेल्यावर पैसे कुणी घ्यायचे ते नाव) आणि असाइनमेंट (पॉलिसीचा हक्कच दुसऱ्याच्या नावावर करणं) यांत फरक काय, बंद पडलेली पॉलिसी किती वर्षांत परत चालू करता येते. हे तोंडपाठ पाहिजे, कारण समोरचा माणूस नेमका हेच विचारतो आणि तुम्ही मॅनेजरला फोन लावायला लागलात की त्याचा विश्वास तिथेच संपतो.

पास झालात की नेमणुकीचं पत्र, आयडी कार्ड आणि एजन्सी कोड मिळतो. कोड हातात येईपर्यंत कुणाचे पैसे घेऊ नका, ओळखीच्याचेही नाही.

आता माणसं

सगळे मॅनेजर सांगतात, शंभर ओळखीच्यांची यादी करा. करा, पण मी जरा वेगळी करायला सांगेन. वहीत नावापुढे फोन नंबर लिहिता ना, त्याच्यापुढे अजून एक रकाना ओढा आणि त्यात लिहा की या घरात पैसा कुठल्या महिन्यात येतो आणि कुठल्या महिन्यात जातो. हा रकाना मी २०१२ नंतर ओढायला लागले, आणि का ते सांगते.

२०१० आणि २०११ ला आमच्या डिचोली-साखळी भागात खाणींचा पैसा वाहत होता. ज्याच्याकडे एक ट्रक तो दुसरा घेत होता. मी नवीन होते, पिग्मीमुळे घरोघरी ओळख, आणि लोक हातात पैसा होता म्हणून हो म्हणत गेले. मी तिमाही दहा-दहा, पंधरा-पंधरा हजारांच्या पॉलिसी काढल्या, ट्रकवाल्यांच्या, मशीन चालवणाऱ्यांच्या, बार्जवरच्या माणसांच्या. ब्रँचमधे माझं कौतुक झालं. सप्टेंबर २०१२ मधे खाणी बंद झाल्या. ट्रक दारात उभे राहिले, बँकेचा हप्ता भरायला पैसे नव्हते तिथे माझा हप्ता कोण भरणार. दीड-दोन वर्षं भरलेल्या पॉलिसी एकामागून एक लॅप्स झाल्या, आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे त्या पॉलिसींना तीन वर्षं पूर्ण झाली नसतील तर काहीच परत मिळत नसे. मी त्या घरांवरून स्कूटर नेताना मान खाली घालून जायचे. एका माणसाने मला काही बोलून दाखवलं नाही, फक्त बॉन्डचा, म्हणजे पॉलिसीचा, कागद पुढे केला आणि विचारलं, हांतूंतलें कितें मेळटलें? काय मिळणार यातलं. मी काहीच बोलू शकले नाही. नंतर खाणी परत सुरू झाल्या आणि मार्च २०१८ ला परत बंद पडल्या, पण दुसऱ्या वेळी माझ्या पॉलिसी फार पडल्या नाहीत, कारण तोपर्यंत मी शिकले होते, प्रीमियम लहान ठेवायला आणि तारीख बघून काढायला.

तारीख बघून म्हणजे मुहूर्त नाही. आपल्या गोव्यात बारा महिने सारखा पैसा फक्त सरकारी नोकराच्या आणि वेर्णा-कुंडईच्या फॅक्टरीत परमनंट असलेल्याच्या घरात येतो, त्यांना महिन्याचा हप्ता बँकेतून आपोआप जाणारा लावून द्या, पगाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची तारीख घ्या. बाकीच्यांचं बघा. ट्रॉलरवाला घ्या, १ जून ते ३१ जुलै ६१ दिवस मासेमारी बंद, त्यात जाळी दुरुस्ती, इंजिनचं काम, खलाशांना ॲडव्हान्स, सगळा खर्चच. त्याची तुम्ही जानेवारीत सहामाही पॉलिसी काढलीत, जानेवारीत त्याने हसत हसत भरले, दुसरा हप्ता बरोबर जुलैत येतो. तो लॅप्स होणारच, यात त्याची काय चूक. त्याला डिसेंबर-जानेवारीत वार्षिक द्या. किनाऱ्यावरच्या शॅकवाल्याचं तसंच, मे अखेरीला शॅक उतरवतात, पाऊस संपेपर्यंत कमाई नाही. टॅक्सी आणि भाड्याच्या दुचाकीवाले पण सीझनवरच. काजूच्या बागायतदाराचा पैसा मार्च ते मे. ज्याचं नारळाचं भाट आहे त्याच्याकडे पाडेली (नारळ पाडणारा) दर तीनेक महिन्यांनी येतो आणि पाडणी झाली की हातात रोख असते, त्याला तिमाही छान बसते. बोटीवर जाणाऱ्यांचं म्हणाल, सासष्टीतल्या कितीतरी घरांत एकतरी तारवटी असतोच, तो सहा-नऊ महिने बोटीवर आणि मग दोन-तीन महिने घरी बिनपगारी, त्याची वार्षिक अशी काढा की तारीख तो बोटीवर असताना यावी आणि बायकोला खात्यातून भरता यावी.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. ऑगस्ट-सप्टेंबरात कुठल्याही हिंदू घरात जाऊन हप्त्याचा विषय काढू नका, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) सामान, रंगकाम, मुंबईहून येणारी माणसं, घरातला पैसा तिकडे जातो आणि जायलाच पाहिजे. शाळा सुरू होते तो महिना शाळेच्या खर्चाचा. हे सगळं तुम्हाला माहीतच आहे, इथेच वाढलात तुम्ही, फक्त ते वहीत लिहायचं आणि पॉलिसी काढताना ती वही उघडायची एवढंच.

घरी गेल्यावर काय बोलायचं

पहिल्या भेटीत प्लॅनचं पुस्तक बाहेर काढू नका. ऐका. घरात कमावणारे किती, कर्ज किती, मुलं केवढी, आईवडील कुणावर अवलंबून. मग एकच प्रश्न विचारायचा, उद्या हा पगार बंद झाला तर घर किती महिने चालेल. लोक यावर गप्प होतात, होऊ द्या. लगेच बोलायला जाऊ नका.

मग जे खरं गरजेचं आहे ते सांगा. तरुण माणूस, डोक्यावर घराचं कर्ज, लहान मुलं, त्याला आधी टर्म पाहिजे, कमी प्रीमियममधे मोठं कव्हर. तुमचं कमिशन रुपयांत कमी येईल हे मला माहीत आहे, तरी टर्मच सांगा. इथे एक अडचण येते ती म्हणजे टर्मला उत्पन्नाचा पुरावा मागतात, आणि गाडेकार, शॅकवाला, कोळणी मावशी यांच्याकडे आयटी रिटर्न नसतात. त्यांना आधी रिटर्न भरायला लावा, दोन-तीन वर्षं लागली तरी चालेल, त्याचं काम करून दिलंत तर तो माणूस तुम्हाला विसरत नाही. तोपर्यंत जेवढं कव्हर बसतं तेवढं घ्या.

अगदीच हातावर पोट असलेल्यांना बँकेतली पंतप्रधान जीवन ज्योती सांगा, वर्षाला ४३६ रुपये आणि दोन लाखांचं कव्हर, १८ ते ५० वयाच्या माणसाला घेता येते. त्यात तुम्हाला काही मिळत नाही. पण मी आमच्या वाड्यावरच्या बायकांचे फॉर्म बँकेत नेऊन भरून दिलेत आणि पुढे त्यांच्याच मुलांनी नोकरी लागल्यावर मला बोलावलं.

बरेचजण म्हणतील, आमकां कार्ड आसा मगो, विमा कशाला. म्हणजे गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड. ते हॉस्पिटलच्या खर्चाचं आहे, माणूस गेल्यावर घराला पैसे देणारं नाही, हा फरक शांतपणे समजावून सांगा, दहा वेळा सांगावा लागला तरी सांगा. टॅक्सचं म्हणाल तर पूर्वी मार्चमधे ८०सी साठी लोक पॉलिसी काढायला धावायचे, आता नवीन टॅक्स पद्धतीत ती सूट नाही, तेव्हा टॅक्स वाचेल म्हणून विकायच्या आधी तो माणूस जुन्या पद्धतीत आहे की नव्या ते विचारा. एक चांगलं झालंय, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाईफ पॉलिसीच्या प्रीमियमवर जीएसटी नाही, टर्मवर आधी १८ टक्के होता. जुन्या क्लायंटना हे फोन करून सांगण्यासारखं आहे.

फॉर्म भरताना

फोंड्यातलं एक घर, रात्री साडेआठ, जेवणाच्या टेबलावर मी फॉर्म भरतेय. ते गृहस्थ शिक्षक. तब्येतीचे प्रश्न आले, मी एकेक मोठ्याने वाचते आणि ते नाही नाही म्हणतायत. मधुमेह आहे का, नाही. तेवढ्यात आतून त्यांची बायको पाण्याचा ग्लास आणि एक पांढरी गोळी घेऊन आली आणि ग्लास फॉर्मच्या बाजूला ठेवला. मी पेन खाली ठेवलं. ते म्हणाले, अहो थोडीशीच आहे, बॉर्डरवर, लिहिलंत तर प्रीमियम वाढेल ना. मी म्हटलं सर वाढेल, कदाचित मेडिकल करायला लावतील, कदाचित नाकारतीलसुद्धा, पण आज नाही लिहिलं आणि दोन वर्षांत काही झालं तर कंपनी हॉस्पिटलचे पेपर काढेल, त्यात ही गोळी दिसेल आणि मग वयनींना पैसे मिळणार नाहीत. वयनी तिथेच उभ्या होत्या. त्यांनीच सांगितलं, लिहा. थोडा जास्त प्रीमियम लागला, पॉलिसी अजून चालू आहे.

कायदा असा आहे, १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४५, तीन वर्षं झाली की कंपनीला पॉलिसीवर कुठल्याही कारणाने बोट ठेवता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत लपवलेलं निघालं तर क्लेम नाकारता येतो. काही एजंट म्हणतात, तीन वर्षं ढकला मग काही होत नाही. असं कुणाच्या घराशी खेळू नका. फॉर्म स्वतः भरलात तरी क्लायंटला मराठीत किंवा कोकणीत प्रत्येक ओळ समजावून मगच सही घ्या, कोरा फॉर्म सही करून आणू नका.

आणि दुसरं कलम ४१. लोक तुम्हाला म्हणणारच, पयलो हप्तो तूं भर गो, किंवा तुझं अर्धं कमिशन मला दे, अमका एजंट देतो. हे रिबेट आहे, कायद्याने बंदी आहे, दंड दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी बघा, ज्याचा पहिला हप्ता तुम्ही भरलात त्याला ती पॉलिसी आपली वाटतच नाही, दुसरा हप्ता तो भरत नाही. असा माणूस सोडून द्या. सुरवातीला जीव तुटतो, पण सोडा.

नॉमिनीची माझी एक चूक

सत्तरी तालुक्यातला एक बस ड्रायव्हर, माझा क्लायंट, लग्नाच्या आधी पॉलिसी काढलेली, नॉमिनी त्याची आई. मग लग्न झालं, मुलगी झाली, आई वारली. मी दरवर्षी हप्त्याची आठवण करत होते, चवथीला भेटत होते, पण नॉमिनी बदलायचं विचारलं नाही. तो अपघातात गेला तेव्हा त्याच्या बायकोसमोर मी बॉन्ड उघडला आणि नॉमिनीच्या जागी हयात नसलेल्या बाईचं नाव. पैसे मिळाले, पण वारस कोण हे सिद्ध करायला उपनिबंधकाच्या ऑफिसात डीड ऑफ सक्सेशन करावं लागलं, आपल्याकडे वारसाहक्काचा वेगळा कायदा आहे, पोर्तुगीज काळापासून चालत आलेला, नवराबायकोची मालमत्ता सामाईक आणि मुलांचा हिस्सा राखीव, त्यात वकील, दाखले, फेऱ्या, महिने गेले. त्या महिन्यांत ती मुलीला घेऊन भावाच्या घरी राहत होती. एक साधा फॉर्म भरायला दहा मिनिटं लागली असती.

तेव्हापासून माझा नियम आहे, दर जानेवारीत प्रत्येक क्लायंटला चार प्रश्न. लग्न झालं का, मूल झालं का, घरात कुणी वारलं का, पत्ता किंवा बँक बदलली का. आणि अजून एक गोव्यात होतं, पोर्तुगीज पासपोर्ट करून परदेशात जाणं. कुणी गेलं तर कंपनीला कळवा आणि प्रीमियम कुठल्या खात्यातून भरायचा ते ब्रँचमधून लेखी विचारून घ्या.

क्लेम आला की

हे काम कुणाला नको असतं आणि तुम्ही खरे एजंट आहात की नाही ते इथेच कळतं. बातमी कळली की जा, पण पहिल्या दिवशी कागदाचं काही बोलू नका. बारावं-तेरावं झालं की जा, किंवा घरचे स्वतः बोलावतील तेव्हा. लागतं काय, मृत्यूचा दाखला, मूळ बॉन्ड, क्लेम फॉर्म, नॉमिनीचं आधार-पॅन आणि बँक खातं. अपघात असेल तर एफआयआर, पंचनामा, पोस्टमॉर्टेम रिपोर्ट. दाखल्याच्या पाच-सहा कॉपी एकदमच काढायला सांगा, बँक, पंचायत, वीज खातं, सगळीकडे लागतात. चौकशीची गरज नसलेला मृत्यूचा क्लेम १५ दिवसांत आणि चौकशी असलेला ४५ दिवसांत निकाली काढायचा असा आता नियम आहे, तारीख वहीत लिहा आणि पाठपुरावा करा. अडलं तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयचं बीमा भरोसा पोर्टल. नॉमिनी बाई एकटी असेल तर बँकेत तिच्याबरोबर जा, कारण खात्यात रक्कम आली की चार दिवसांत कुणीतरी नवीन स्कीम घेऊन येतो.

यावरून आठवलं, बार्देशातल्या एका आजीला तिच्या बँकेतल्या माणसाने एफडी म्हणून दहा वर्षांची पॉलिसी दिली होती, दरवर्षी एक लाख भरायचे, आणि आजी सत्तरीची, पेन्शनवर जगणारी. सुदैवाने तिने मला कागद दाखवले तेव्हा तेवीस दिवस झाले होते. फ्री लूकचा अर्ज आम्ही त्याच दुपारी दिला आणि पैसे परत आले. त्या पैशांची मी माझी पॉलिसी काढून दिली नाही, ते एफडीतच गेले, तिला एफडीच पाहिजे होती. तुमच्याकडे कुणी असे कागद घेऊन आलं तर आधी तारीख बघा.

रोजचं काम

कमिशन मिळतं ते टीडीएस कापून, तो आता २ टक्के आहे, आणि वर्षअखेरीला रिटर्न भरलात तर टॅक्स बसत नसेल तेव्हा परत मिळतो. पेट्रोल, फोन, प्रिंटिंग यांचा खर्च पहिल्या दिवसापासून लिहून ठेवा.

कंपनी तुमचं पर्सिस्टन्सी बघते, म्हणजे काढलेल्यातल्या किती पॉलिसी तेराव्या महिन्यात चालू आहेत, मग पंचविसाव्या, असं एकसष्टाव्या महिन्यापर्यंत. तुम्ही पण बघा. ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललाय, एक वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरलेल्या पॉलिसीलाही सरेंडरला, म्हणजे मुदतीआधी मोडली तर, काहीतरी मिळतं, ते क्लायंटसाठी चांगलंच झालं, २०१२ ला हे असतं तर माझ्या त्या ट्रकवाल्यांना थोडं तरी मिळालं असतं. पण एजंटचं म्हणाल तर काही कंपन्या लवकर बंद झालेल्या पॉलिसीचं कमिशन परत घेतात, त्यामुळे जबरदस्तीने विकलेली पॉलिसी आता आपल्याच अंगावर येते.

हप्त्याच्या आधी पंधरा दिवस व्हॉट्सॲप, आठ दिवस आधी फोन, आणि ग्रेस पिरियड संपायच्या आधी घरी. रोख घेऊ नका, शक्यतो ऑनलाईन त्यांच्याच मोबाईलवरून करून द्या, पावती तिथल्या तिथे दाखवा. कुणी भरूच शकत नसेल तर का ते विचारा, रागावू नका. बंद पडलेली पॉलिसी पाच वर्षांच्या आत व्याज भरून परत चालू करता येते, कधीकधी त्यासाठी कंपन्या सवलतीची मोहीम काढतात, तेव्हा तुमच्या वहीतली बंद पडलेल्यांची यादी काढून पहिले फोन त्यांना लावा.

वेळ संध्याकाळची ठेवा, सात ते नऊ. दुपारी एक ते चार गोव्यात कुणाच्या घराची बेल वाजवू नका. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात दुकानदाराशी बोलायला जाऊ नका, त्याला मान वर करायला फुरसत नसते, मंगळवारी-बुधवारी सकाळी जा. कुणी फाल्यां यो म्हणालं तर खरंच दुसऱ्या दिवशी जा, निम्मे लोक तुम्ही येताय की नाही तेच बघत असतात.

कोड मिळाल्यावर पहिल्या महिन्यात चार पॉलिसी झाल्या तरी खूप झालं, आणि त्यातली पहिली स्वतःच्या घरातल्या कमावत्या माणसाची टर्म असू दे. तिचा फॉर्म स्वतः बसून भरा, तब्येतीचे सगळे प्रश्न आपल्याच माणसाला मोठ्याने विचारा, नॉमिनीच्या जागी कुणाचं नाव घालायचं यावर घरात बोला. आमच्या घरी त्या रात्री बोलणं झालं तेव्हा माझे सासरे पहिल्यांदा सांगत होते की त्यांचे जुने बॉन्ड कपाटात कुठल्या कप्प्यात आहेत, आणि तीनपैकी एकाची मॅच्युरिटी दोन वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद घेऊन मी ब्रँचला गेले.